गणिताची अडचण मोबाइलवर विचारताना मुलांनी नेमके काय लिहावे?

प्रश्न – गणित शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर

सप्रेम नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड. कोणाचे वडील यंत्रमागावर आहेत, कोणाची आई विड्या वळते. खासगी शिकवणीची फी सर्वांना झेपत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी दहावीच्या मुलांसाठी व्हॉट्सॲपवर एक गट सुरू केला. घरी अभ्यास करताना एखादे उदाहरण अडले तर ते तिथे टाकावे आणि ज्याला येत असेल त्याने सांगावे, एवढाच हेतू होता.

सुरुवातीचे दोन महिने मला फार समाधान वाटले. नंतर लक्षात आले की मुले पुस्तकातील उदाहरणाचा फोटो टाकतात, खाली ‘सोडवून द्या’ एवढेच लिहितात आणि वर्गातील दोन-तीन हुशार मुले दहा मिनिटांत वहीचे पूर्ण पान टाकून मोकळी होतात. दुसऱ्या दिवशी तेच पान पंचवीस वह्यांत जसेच्या तसे उतरलेले असते, खाडाखोडीसकट. चाचणीत मात्र त्याच प्रकारचे उदाहरण आकडे बदलून घातले की पानेच्या पाने कोरी येतात.

गेल्या आठवड्यात मी एक बदल करून पाहिला. एका मुलीने हे उदाहरण पाठवले होते: ‘एक दोन अंकी संख्या आणि तिच्या अंकांची अदलाबदल करून मिळणारी संख्या यांची बेरीज 121 आहे. एकक स्थानचा अंक दशक स्थानच्या अंकापेक्षा 5 ने मोठा आहे, तर मूळ संख्या कोणती?’ मी उत्तर दिले नाही, इतरांनाही थांबवले आणि तिला लिहिले, ‘तू जे काही केले आहेस ते जसे असेल तसे पाठव, अर्धवट असले तरी चालेल.’ बराच वेळ काही आले नाही. मग गटावर न टाकता तिने मला एकटीला वहीचा फोटो पाठवला. तिने दशकाचा अंक क्ष आणि एककाचा अंक य मानला होता. पहिली संख्या क्ष + य, दुसरी य + क्ष, म्हणून 2क्ष + 2य = 121, म्हणजे क्ष + य = 60.5. दुसरे समीकरण य – क्ष = 5. ही दोन्ही समीकरणे तिने अगदी बिनचूक सोडवली होती आणि खाली लिहिले होते: ‘बाई, य = 32.75 आला. पुस्तकात छपाईची चूक आहे का?’

मी तो फोटो बराच वेळ पाहत होते. वर्षभर मी या मुलीला एकसामयिक समीकरणे शिकवत होते आणि ती तिला उत्तम येत होती! तिचे अडले होते ते दोन अंक शेजारी शेजारी लिहिले की त्यांची किंमत काय होते, या प्राथमिक शाळेतल्या गोष्टीपाशी. कोणी तिला पूर्ण उत्तर पाठवले असते तर तिने 10क्ष + य हे मुकाट्याने उतरवून घेतले असते आणि ते 10 कुठून आले हे तिला कधीच कळले नसते. मलाही तिची अडचण कधी कळली नसती.

तेव्हा माझे विचारणे असे आहे. आपला प्रयत्न, चुकलेला असला तरी, सोबत जोडूनच प्रश्न टाकावा अशी शिस्त मला गटात लावायची आहे. परंतु मुलांना, विशेषतः मुलींना, आपली चूक सर्वांना दाखवण्याची लाज वाटते. शिवाय उत्तर देणाऱ्या मुलांनी किती सांगावे आणि कुठे थांबावे, हे मला नेमक्या शब्दांत मांडता आलेले नाही. आपल्यापैकी कोणी असा गट चालवला असेल किंवा स्वतः असे विचारून शिकला असेल, तर कृपया अनुभव सांगावा.

उत्तर 1 – पदव्युत्तर विद्यार्थी, गणित विभाग, केगाव

नमस्कार मॅडम. मी पंढरपूर तालुक्यातील एका गावात मराठी माध्यमात शिकलो आणि सध्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात एमएस्सी करत आहे. पदवीच्या पहिल्या वर्षापासून मी गणिताचे प्रश्न इंटरनेटवर विचारत आलो आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी उभा राहिलेलो आहे.

प्रयत्न जोडण्याची शिस्त आपण जरूर लावावी. मॅथ स्टॅक एक्सचेंज हे 2010 पासून चालणारे गणिताच्या प्रश्नोत्तरांचे मोठे संकेतस्थळ आहे. तिथे विद्यार्थ्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे लिहितात. नुसते उदाहरण उतरवून ‘सोडवा’ म्हटले तर तिथे तो प्रश्न बंद केला जातो, आणि हे उदाहरण कुठे भेटले, तुम्ही काय करून पाहिले, कुठे थांबलात, हे लिहायला सांगितले जाते. माझा पहिला प्रश्न असाच बंद झाला होता. तेव्हा अपमान वाटला. दुसऱ्यांदा लिहायला बसलो आणि ‘मी इथपर्यंत आलो, पुढे असे वाटते, पण तसे का होत नाही’ हे नीट मांडता मांडता चूक माझी मलाच सापडली. प्रश्न टाकावाच लागला नाही. त्यानंतर हे माझ्या बाबतीत इतक्या वेळा घडले आहे की आता प्रश्न लिहून काढणे हा मी उदाहरण सोडवण्याचाच भाग मानतो.

मात्र प्रयत्नाइतकीच काळजी मला लिहिण्याच्या पद्धतीची वाटते, आणि त्यासाठी आमच्या वसतिगृहातील एक प्रसंग सविस्तर सांगतो. एका मित्राच्या धाकट्या भावाने टंकलिखित प्रश्न पाठवला होता: √क्ष + 5 = क्ष – 1. आम्ही दोघे वेगवेगळे बसून सोडवायला लागलो. माझे उत्तर 4 आले, मित्राचे 9. जेवणाच्या ताटावरही आम्ही भांडत होतो, कारण ज्याने त्याने आपले उत्तर समीकरणात ठेवून ताळा पाहिला होता आणि तो जुळत होता. मी वर्गमूळाची रेघ क्ष + 5 या सगळ्यावर आहे असे धरले होते. मग दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² – 3क्ष – 4 = 0 मिळते आणि क्ष 4 किंवा –1 येतो. यातला –1 मूळ समीकरणात ठेवला तर डावीकडे 2 आणि उजवीकडे –2 येतात, म्हणून तो सोडावा लागतो आणि 4 राहतो. मित्राने वर्गमूळ एकट्या क्षचे धरले होते. मग √क्ष = क्ष – 6 होते, आणि क्ष = 9 घेतला की दोन्हीकडे 3 येतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो आणि मुलाला कोणते उदाहरण विचारायचे होते हे दोघांनाही माहीत नव्हते. कंसांची एक जोडी घातली असती, √(क्ष + 5), तर आमची संध्याकाळ वाचली असती.

अपूर्णांकाचेही असेच होते. 1/क्ष + 2 असे लिहिले की छेदात नुसता क्ष आहे की क्ष + 2 आहे हे वाचणाऱ्याने ओळखायचे का? घाताचेही तेच. मोबाइलवर क्ष2 लिहिले तर तो क्षचा वर्ग की क्षची दुप्पट, अशी शंका येतेच. म्हणून मुलांना एवढे सांगावे की वर्गमूळाखाली किंवा छेदात एकापेक्षा जास्त पदे असतील तर कंस घालायचाच, आणि वर्ग टंकता येत नसेल तर ‘क्षचा वर्ग’ असे अक्षरांत लिहायचे. मोठे लोक यासाठी लाटेक्स, म्हणजे संगणकावर गणिती चिन्हे लिहिण्याची एक पद्धत, वापरतात, पण दहावीच्या मुलांना त्याची गरज नाही. वहीवर स्वच्छ लिहून, पान सरळ धरून, दिव्याची सावली न पडू देता काढलेला फोटो पुरेसा असतो. भूमितीत मात्र आकृती पूर्ण आली पाहिजे. आकृतीचा कोपरा कापला गेला आणि काटकोनाची खूण त्याच कोपऱ्यात होती, असे मी किमान चार वेळा पाहिले आहे. जिओजेब्रा मोफत आहे, त्यावर आकृती काढून बिंदू सरकवून पाहता येतात. ज्या मुलाला त्याची गोडी लागते त्याचे अर्धे प्रश्न विचारण्याआधीच सुटतात.

उत्तर 2 – एक पालक, विडी घरकुल

बाई, नमस्कार. माझी मुलगी दहावीत आहे, तुमच्या शाळेत नाही, पण तिच्याही शाळेचा असाच गट आहे. मला गणितातले फारसे कळत नाही. पण एक गोष्ट शिक्षकांच्या लक्षात यावी म्हणून लिहिते.

आमच्या घरी मोबाइल एकच आहे आणि तो दिवसभर तिच्या वडिलांजवळ कारखान्यात असतो. रात्री नऊ वाजता ते घरी येतात. मुलगी नऊला प्रश्न टाकते. समोरच्याने साडेनऊला ‘कोणते प्रकरण?’ असे विचारले आणि तोपर्यंत ती झोपली, तर तिचे उत्तर दुसऱ्या दिवशी रात्री नऊलाच जाते. ‘फोटो नीट दिसत नाही’ असे कोणी लिहिले की आणखी एक दिवस जातो. एका त्रिकोणाच्या उदाहरणासाठी तिचे असे चार दिवस गेले आणि तोवर वर्गात पुढचे प्रकरण सुरू झाले. त्यामुळे प्रश्न पहिल्यांदाच पूर्ण कसा लिहायचा, हे मुलांना शाळेतच शिकवले तर आमच्यासारख्या घरांना त्याचा फार उपयोग होईल. दुपारच्या सुट्टीत प्रश्न वहीत लिहून ठेवायचा आणि रात्री फक्त त्याचा फोटो काढून पाठवायचा, असे आता आम्ही तिला सांगितले आहे.

आणि बाई, उत्तर देणाऱ्या मुलांना एवढे नक्की सांगा की ‘इतके सोपे येत नाही का?’ असे कोणी लिहायचे नाही. माझ्या मुलीला एकाने तसे लिहिले होते. त्यानंतर तिने दोन महिने गटावर काही विचारले नाही. मी रोज विचारायची, तर म्हणायची की सगळे येते.

उत्तर 3 – निवृत्त गणित शिक्षक, बार्शी

बाई, आपण लिहिलेले 32.75 वाचून मला माझ्या अनेक विद्यार्थ्यांची आठवण झाली. नोकरीची बरीचशी वर्षे मी सोलापूर शहरातच काढली, म्हणून आपल्या वर्गाचे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे.

या उदाहरणातली आणखी एक अडचण सांगतो, ती कदाचित आपल्यालाही दिसली असेल. समीकरणे नीट मांडली तर 11(क्ष + य) = 121, म्हणजे क्ष + य = 11, आणि य – क्ष = 5, म्हणून य = 8, क्ष = 3. माझी कितीतरी मुले इथपर्यंत अचूक येत आणि शेवटच्या ओळीत 38 ऐवजी 83 लिहीत. पुष्कळ वर्षे मी त्याला निष्काळजीपणा म्हणत आलो. एका मुलाने तोंडी उत्तर देताना आधी तेलुगूत पुटपुटून मग मराठीत सांगितले, तेव्हा माझ्या ध्यानात आले. मराठीत आपण ‘अडतीस’ म्हणतो, म्हणजे कानावर आधी आठ पडतात आणि मग तीस. तेलुगूत ‘मुप्पै एनिमिदि’ म्हणतात, म्हणजे आधी तीस, मग आठ. कन्नडचाही क्रम तोच, ‘मूवत्तेंटु’. जे मूल घरी एका क्रमाने मोजते, शाळेत दुसऱ्या क्रमाने ऐकते आणि कागदावर पुन्हा पहिल्या क्रमाने लिहिते, त्याला अंकांची अदलाबदल हे नुसते एक उदाहरण नसते. तो गोंधळ ते मूल रोज अनुभवत असते. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. त्या वादात कोणती बाजू घ्यावी हा वेगळा विषय आहे, पण आपल्या शहरातील वर्गांपुरता तो प्रश्न किती खरा आहे हे मला त्या मुलाने दाखवले. म्हणून माझी विनंती आहे की गटावर मुलांना आपला प्रयत्न ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोलूनही पाठवू द्यावा. आवाजाच्या संदेशात मूल कुठे अडखळते ते वहीपेक्षा लवकर कळते.

संज्ञांबाबतही थोडे सांगावेसे वाटते. मुले इंटरनेटवर शोधतात तेव्हा समोर हिंदी चित्रफिती अधिक येतात. आपल्या पुस्तकात अंकगणिती श्रेढी आहे, तिकडे समांतर श्रेढी म्हणतात. आपल्याकडे विवेचक, तिकडे विविक्तकर. आपला लसावि तिकडे लघुत्तम समापवर्त्य होतो. माझ्या नातीने मला विचारले होते की समांतर श्रेढी हा प्रकार आमच्या अभ्यासक्रमात नाही, मग तो सोडून देऊ का! गटाच्या सुरुवातीलाच अशा पंधरा-वीस शब्दांच्या जोड्या लिहून ठेवल्या तर मुलांचा पुष्कळ वेळ वाचेल.

आता लाजेविषयी. मी वर्गात श्रीनिवास रामानुजन यांची एक गोष्ट सांगत असे. भारतीय गणित परिषदेची स्थापना 1907 साली झाली. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. तिच्या नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न छापले जात आणि कोणीही उत्तर पाठवावे अशी पद्धत होती. 1911 साली रामानुजन यांनी तिथे एक प्रश्न दिला: 1 अधिक 2 गुणिले वर्गमूळ, त्या वर्गमूळात 1 अधिक 3 गुणिले वर्गमूळ, त्यात 1 अधिक 4 गुणिले वर्गमूळ, असे न संपता आत आत जायचे आणि या सगळ्याचे वर्गमूळ काढायचे, तर किंमत किती? कोणाकडून उत्तर आले नाही आणि शेवटी त्यांनीच ते दिले: 3. फळ्यावर मी ते उलट्या बाजूने दाखवत असे. 3 म्हणजे 9 चे वर्गमूळ, आणि 9 म्हणजे 1 + 2 × 4. त्यातला 4 म्हणजे 16 चे वर्गमूळ, आणि 16 म्हणजे 1 + 3 × 5. त्यातला 5 म्हणजे 25 चे वर्गमूळ, आणि 25 म्हणजे 1 + 4 × 6. तिसऱ्या पायरीपर्यंत मागच्या बाकावरची मुलेही पुढची पायरी स्वतःहून सांगू लागत. हे करून झाले की मी मुलांना म्हणत असे, त्या नियतकालिकाचे वाचक गणितातले जाणकार होते, त्यांनाही हे जमले नाही आणि त्यात कोणाला कमीपणा आला नाही. मग तुम्हाला बाराव्या उदाहरणापाशी अडल्याचे सांगायला संकोच कशाला?

तरीही गोष्ट सांगून लाज जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो. शिक्षकाने स्वतःची चूक आधी दाखवावी लागते. फळ्यावर माझे चुकले की मी ते पुसत नसे. बाजूला चौकट करून ठेवत असे आणि तास संपेपर्यंत ते तसेच राहू देत असे.

उत्तर 4 – अभियंता, जुळे सोलापूर

वरील बहुतेक मतांशी मी सहमत आहे, परंतु एका बाबतीत थोडा वेगळा विचार मांडतो. ज्या मुलाला प्रकरणच समजलेले नाही, त्याच्याकडे दाखवायला प्रयत्नच नसतो. त्याला ‘आधी प्रयत्न पाठव’ असे सांगणे म्हणजे दारातूनच परत पाठवणे होईल. मी स्वतः दहावीत असा मुलगा होतो. मला त्या वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवलेली दोन उदाहरणे, प्रत्येक पायरीचे कारण सांगून कोणी दिली, म्हणून मी तिसरे सोडवू शकलो. म्हणून माझे सुचवणे असे की प्रयत्न नसेल तर मुलाने निदान ‘मला पहिली ओळ काय लिहावी हेच कळत नाही’ असे स्पष्ट लिहावे. ती सुद्धा नेमकी अडचण आहे. अशा वेळी मदत करणाऱ्याने विचारलेले उदाहरण न सोडवता त्याच्यासारखेच, आकडे बदललेले दुसरे उदाहरण पूर्ण सोडवून द्यावे. मग उतरवून घेण्याजोगे काही राहत नाही आणि मुलाच्या हाती वाट मात्र लागते.

फोटो काढला की उत्तर देणारी ॲप आता प्रत्येक मोबाइलवर आहेत. फोटोमॅथ तर 2014 पासूनच आहे. मुलांना ती वापरू नका म्हणून सांगण्यात अर्थ नाही. पण ॲप जी रीत दाखवते ती कधी कधी आपल्या पुस्तकातली नसते, आणि बोर्डाच्या परीक्षेत गणिताच्या दोन्ही भागांच्या 40-40 गुणांच्या पत्रिकांत गुण पायऱ्यांना मिळतात, नुसत्या उत्तराला नाही. माझ्या भाच्याला मी एवढेच सांगितले आहे की उत्तर कुठूनही आलेले असो, ते मूळ समीकरणात ठेवून पाहिल्याशिवाय वहीत लिहायचे नाही. वर ज्या –1 चा उल्लेख आला आहे, तो असाच पकडला जातो.

पुन्हा प्रश्नकर्त्या शिक्षिका

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. पालक ताईंनी लिहिलेली रात्री नऊची गोष्ट माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक घरांची आहे आणि ती मला इतके दिवस सुचली नव्हती. सोमवारपासून शेवटच्या तासाची दहा मिनिटे मी ‘प्रश्न लिहिणे’ यासाठी ठेवली आहेत. मुले अडलेले उदाहरण, आपला प्रयत्न आणि ‘इथे थांबलो’ अशी खूण वहीत करून ठेवतात आणि मी बाकांमधून फिरून कंस आणि आकृत्या पाहते. तिसऱ्या दिवशी सहा मुलांनी येऊन सांगितले की लिहिता लिहिताच सुटले. उत्तर देणाऱ्या मुलांना मी सांगितले आहे की समोरचा जिथे थांबला आहे त्याच्या पुढची एकच पायरी सांगायची आणि मग त्याच्या उत्तराची वाट पाहायची. पहिली ओळच सुचत नसलेल्यांसाठी आकडे बदललेल्या उदाहरणाची युक्ती मी तशीच उचलली आहे. हुशार मुलांना हे थांबणे फार जड जाते आहे. एकाने तर मला विचारले, ‘बाई, मला पूर्ण येते, मग अर्धेच का सांगू?’ मी त्याला त्या मुलीचे पान, तिची परवानगी घेऊन, दाखवले आणि तिची चूक शोधायला सांगितले. त्याला ती शोधायला वीस मिनिटे लागली. त्यानंतर त्याने काही विचारले नाही.

सरांनी सांगितल्याप्रमाणे मी गटावर माझे स्वतःचे एक चुकलेले पान टाकले. स्पर्शिकेच्या सिद्धतेत मी जे सिद्ध करायचे तेच आधी गृहीत धरले होते आणि ते मला दुसऱ्या दिवशी कळले होते. त्या रात्री नऊनंतर चार मुलींनी आपापली पाने पाठवली, गटावरच.

त्यांत 32.75 वाली मुलगीही होती. मी तिला फक्त एवढे विचारले होते की 38 मधल्या 3 ची किंमत किती. तिचे उत्तर असे आले: ‘तीस. म्हणजे दशकाचा क्ष असेल तर 10क्ष लिहायचे. आता मला 38 आले आणि 38 + 83 = 121 होतात. बाई, तीन अंकी संख्या असेल तर पहिल्या अंकाला 100 ने गुणायचे का, आणि मग अदलाबदल कोणत्या दोन अंकांची करायची?’ हा प्रश्न पुस्तकात नाही. मी अजून त्याचे उत्तर दिलेले नाही, कारण गटातील दोन मुले त्यावर आपापले प्रयत्न पाठवत आहेत.